नागोजीअण्णांची पत्रपेटी

येलहंक्याच्या जुन्या गावात, आमच्या गल्लीत, सुतार, गवंडी किंवा नळवाला आला की पिशवी खाली ठेवण्याआधी एक गोष्ट विचारून घेतो.

"घर नागोजीअण्णांचं नाही ना?"

नाही म्हटलं की मगच हत्यारं बाहेर निघतात.

अण्णांचा स्वभाव वाईट आहे असं मात्र कुणी समजू नये. आलेल्या माणसाला ते आधी पाणी देतात, मग कॉफी देतात, मुलाबाळांची चौकशी करतात. घोटाळा होतो तो काम संपल्यावर. कारण तेव्हा ते खिशातून लाल खडू काढतात.

यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात अण्णा चौतीस वर्षं तपासनीस होते. दुसऱ्यांनी केलेला भाग मोजायचा, आणि तो केसाइतका जरी चुकला असला तरी त्यावर लाल फुली मारायची, ही त्यांची नोकरी. निवृत्त होताना कारखान्यानं त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागं पडायचं. आठवड्यात त्याच्या काचेवर फुली आली.

अशा कारखान्यात एक पळवाट असते. भाग थोडा चुकलाय पण चालण्यासारखा आहे, असं असेल तर 'डेव्हिएशन'चा फॉर्म भरतात. ज्या खात्याला तो भाग वापरायचा, ते खातं सही करतं: चूक आहे, पण आम्हाला चालेल. त्याखाली तपासनिसाची सही. चौतीस वर्षांत अण्णांनी अशी एकही सही केली नाही. ही गोष्ट ते पाहुण्यांना जावयाच्या पगाराआधी सांगतात.

त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोडदळाबरोबर इकडं आलं आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी, दारात कानडी, आणि रागावले की दोन्ही. बायको मथुराअक्का मात्र निपाणीची. तिची थोरली बहीण विठाबाई अजून तिथंच, पुतण्याच्या घरी राहते. विठाबाईंना आता ऐकू येत नाही, त्यामुळं फोनचा उपयोग नाही. त्यातून फोन पुतण्याच्या बायकोच्या हातात. म्हणून दोघी बहिणी अजूनही निळ्या अंतर्देशीय पत्रांवर बोलतात.

गेल्या महिन्यात मथुराअक्कानं हिंमत करून बहिणीला विचारलं, "कायमची इकडं राहायला येतेस का?" उत्तर आलंही. पण ते आलं त्या दोन दिवसांत ही मंडळी सर्जापूर रोडला लेकीकडं, भव्याकडं गेली होती. पोस्टाच्या बाईंनी पत्र गेटखालून आत सरकवलं. घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत मथुराअक्का रोजच्यासारखी उठली, आणि सडा घालायला बादलीभर पाणी अंगणात फेकलं. मग वाकून रांगोळी काढताना तिला निळा लगदा दिसला.

उन्हात वाळवून त्यातली तीनच अक्षरं लागली: "चि. मथु." पुढं नुसता निळा ढग.

"माझ्याच हातानं धुतलं हो," ती अण्णांना म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं अण्णांना वाटलं. तिनं बहिणीला सगळी हकीकत कळवून पुन्हा तोच प्रश्न विचारला. पोस्टाच्या बाई, पवित्रा, चिकोडीच्या, म्हणजे अक्काच्या माहेरच्याच मुलखातल्या. त्या म्हणाल्या, "अक्का, गेटखालून सरकवायचं एवढंच माझ्या हातात. पुढं कुत्रं आहे, गटार आहे, तुमची बादली आहे. पत्रपेटी लावा की!"

अण्णा म्हणाले, "आठ दिवसांत लावतो." अक्कानं पत्र टाकण्याआधी तेही त्यात लिहिलं.

लावतो म्हणजे लावून घेतो. तोपर्यंत त्यांचा अर्थ तोच होता.

पहिला आला मंजुनाथ. कोपऱ्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, आणि या गल्लीत ग्रिलं बसवून बसवून त्याची मराठी आमच्याइतकीच झाली आहे. त्यानं पत्र्याची सुबक पेटी करून आणली. अण्णांनी झाकणाच्या फटीत पट्टी घातली.

"डावीकडं एक मिलिमीटर, उजवीकडं दोन."

"अण्णा, स्वल्प इकडंतिकडं होतंच की."

"का होतं?"

वर हवाई दलाच्या तळावरून सुटलेलं विमान घरघरत गेलं. मंजुनाथनं तिकडं बोट दाखवलं. "यात पत्र टाकायचंय की हे उडवायचंय?"

अण्णांनी खडू काढला. मंजुनाथनं हात जोडले. "सरी, ठीक आहे अण्णा. पेटी राहू दे. टांगायला दुसरा बघा." आणि जाता जाता त्यानं आणखी तीन दुकानांत सांगून ठेवलं असावं, कारण त्यानंतर कुणाचाच फोन लागेना.

भव्याला हे कळलं. तिच्या नव्या फ्लॅटचा गृहप्रवेश त्या शुक्रवारी होता. "अप्पा, एका डब्यासाठी काय चाललंय? ॲपवरून माणूस पाठवते. तासाभरात लावून जाईल."

रविवारी आला त्रिविक्रम. गणवेश, नवंकोरं ड्रिल, बुटांवर घालायला पिशव्या. तीन पावलांत त्रिभुवन मोजणाऱ्याचं नाव, पण गेटचा एक खांब मोजता मोजता बिचारा टेकीला आला. अण्णांनी त्याच्याकडून उंची तीनदा मोजून घेतली, लेव्हल दोनदा लावून घेतली, आणि भोकाच्या जागी पेन्सिलीनं टिंब काढायला लावून ते पुसायला लावलं, कारण टिंब जाड होतं. त्रिविक्रमच्या फोनमधून सूचना आली: वेळ संपला.

"सर, पुढचं घर के. आर. पुरमला आहे," तो कळवळून म्हणाला. "रेटिंग तरी नीट द्या."

अण्णांनी प्रामाणिकपणे पाचातले तीन तारे दिले. एक टिंबाचा कापला, एक उशिराचा.

सोमवारी सकाळी दहा वाजता मथुराअक्कानं गेटपाशी स्टूल आणून ठेवलं, मांडीवर घेवड्याच्या शेंगा घेतल्या आणि बसली.

"हे काय?"

"विठाक्काचं पत्र आता कधीही येईल. मी इथंच बसणार."

"आणि शुक्रवारी? भव्याकडं?"

"तुम्ही जा. पेटी लागल्याशिवाय मी गेट सोडत नाही."

लेकीचा गृहप्रवेश आणि आई गेटवर! अण्णांनी गेटच्या खांबावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मग म्हणाले, "मी लावतो."

"कुणाला बोलावताय आता? येणारं कोण उरलंय?"

"कुणाला नाही. मी. माझ्या हातानं."

अक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आयुष्यात खिळा तरी मारलाय का?"

"हजारो तपासलेत."

"ते विचारलं नाही मी."

खरी गोष्ट होती. चौतीस वर्षं अण्णांनी भोकं मोजली होती, पाडलं एकही नव्हतं. पण ते एकदा मनावर घेतलं की घेतलं. मंगळवारी सकाळी ते शेजारून ड्रिल घेऊन आले, चष्म्यावर चष्मा चढवला आणि खांबासमोर असे उभे राहिले की बघणाऱ्याला वाटावं, आता दोघांपैकी एकजणच उरणार.

खांबाला बाहेरून सिमेंटचा गिलावा होता. आत काय आहे ते अण्णांच्या आजोबांना माहीत होतं. पहिलं भोक गिलाव्याच्या जाड थरात लोण्यासारखं पडलं. दुसऱ्याला ड्रिल अर्धा इंच गेलं आणि किंचाळलं. आत अखंड ग्रॅनाइट! या गावात जुन्या लोकांनी गेटला दगडाचे खांब पुरले आणि नंतरच्यांनी त्यांना सिमेंटचे सदरे घातले. ड्रिलचं टोक दगडावरून घसरलं आणि भोक व्हायचं तिथं न होता खाली झालं. अण्णांनी दुसरं टोक लावलं, ते तुटलं. तिसरं लाल झालं. गल्लीतली माणसं दुधाच्या पिशव्या हातात घेऊन थांबली होती. मंजुनाथ दुकानाच्या पायरीवर येऊन बसला होता. पण "अण्णा, मी करतो" असं कुणी म्हणालं नाही, कारण अण्णांच्या तोंडाकडं बघून ते म्हणायची सोय नव्हती.

दुपारी दोनला पेटी टांगली गेली. अण्णांनी तिच्या माथ्यावर लेव्हल ठेवली. आतला बुडबुडा एका कडेला जाऊन बसला आणि हलेना. त्यांनी पट्टी लावली. मग तळवे बघितले. दोन फोड आले होते.

"आणखी एक भोक पाडतो."

"त्यानं खांब पडेल," मथुराअक्का म्हणाली. "हात धुवा आधी, जेवायला चला."

रंग आधी द्यायचा आणि पेटी मग टांगायची, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. बुधवारी सकाळी अण्णांनी टांगलेल्या पेटीला रंग द्यायला घेतला. पत्रपेटी लाल असते असं शेजाऱ्यांनी सुचवून बघितलं. "लाल म्हणजे रिजेक्ट," अण्णा म्हणाले आणि हिरव्याचा डबा उघडला. सकाळी एक हात, संध्याकाळी दुसरा. पत्र टाकायच्या फटीवर झडप होती, तिलाही दोन्ही हात नीट, कडांपर्यंत, कोपऱ्यांपर्यंत दिले. चौतीस वर्षं कोपऱ्यांत कमी रंग लागला म्हणून त्यांनी फुल्या मारल्या होत्या. समोर घरनंबर काढला आणि खाली स्वतःच्या आणि अक्काच्या नावासाठी पेन्सिलीच्या दोन रेघा मारून ठेवल्या.

गुरुवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी पवित्राबाईंची स्कूटर गल्लीत शिरली. मथुराअक्का स्टुलावरून उठली.

"अक्का, निपाणीचं आहे," त्या लांबूनच म्हणाल्या आणि पत्र पुढं केलं.

अक्काचा हात पुढं झाला. मग तिनं अण्णांकडं बघितलं. ते पेटीशेजारी लग्नातल्या नवरदेवासारखे ताठ उभे होते. तिनं हात मागं घेतला.

"पेटीत टाका की."

पवित्राबाईंनी झडप ढकलली. झडप हलली नाही. अंगठ्यानं दाबली. दोन हातांनी दाबली. हिरव्या रंगानं झडप आणि पेटी यांचं असं लग्न लावलं होतं की सोडवायला कोर्टात जावं लागलं असतं.

"अण्णा, ही चिकटलीय."

दुकानाच्या पायरीवरून कुणीतरी हसलं. अण्णा आत गेले आणि त्यांची सहा इंची स्टीलची पट्टी घेऊन आले. नोकरी लागली त्या दिवसापासून ती कापडात गुंडाळलेली असे. तिच्यानं साधं पाकीटही कुणी फाडायचं नाही असा घरात नियम होता. ती त्यांनी झडपेच्या फटीत घातली आणि ओढली. रंग कातडीसारखा सोलवटला, पट्टीवर चरे पडले. खालची कड, डावी, उजवी. झडप कुरकुरली आणि आत गेली.

निळं पत्र पेटीत पडलं. टप् असा आवाज झाला.

मथुराअक्कानं किल्ली लावून ते काढलं. कडेला हिरव्या रंगाचा पट्टा बसला होता. आत अक्षरन् अक्षर कोरडं. ती उभ्या उभ्याच मोठ्यानं वाचू लागली.

"चि. मथुरा हिस आशीर्वाद. पहिलं पत्र तू धुतलंस ते बरं केलंस. त्यात मी नाही म्हटलं होतं. पुन्हा विचारलंस, म्हणजे मनापासून विचारतेस असं समजते. नागोजीराव पेटी लावणार आहेत असं लिहितेस. लागली तर माझी एक अट आहे. चौदा वर्षं माझ्या पत्रावर 'मार्फत' लिहून पुतण्याचं नाव घालतात. मला आता कुणाच्या मार्फत राहायचं नाही. पेटीवर माझं नाव घालणार असाल तर पुढल्या सोमवारी गाडीत बसते. नसाल तर तसं कळव, मला राग नाही."

अक्कानं पत्राची घडी केली, परत उघडली आणि पुन्हा घडी केली. अण्णा पेटीकडं बघत होते.

"पेटी काढून नवी लावतो," ते म्हणाले. "तिचं नाव यायचं तर पेटी सरळ पाहिजे. ही नापास आहे."

"वापरणार कोण?"

"काय?"

"कारखान्यात वापरणाऱ्या खात्याची सही चालते म्हणता ना, तर वापरणारं खातं मी आहे." तिनं अण्णांच्या खिशातून लाल खडू काढला आणि खांबावर, पेटीच्या बरोबर खाली, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: मथुरा. मग खडू त्यांच्या हातात दिला. "आता तुम्ही."

अण्णांनी खडू धरला. सबंध गल्ली बघत होती. पवित्राबाईंना पुढची चाळीस घरं होती, पण त्यांनी स्कूटर सुरू केली नाही. अण्णांनी एकदा पेटीकडं बघितलं, एकदा बायकोच्या सहीकडं. आणि तिच्या खाली, कारखान्यात करायचे तशी, शेवटी दोन टिंबं असलेली सही केली.

मग ते आत जाऊन पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन आले. रेघा दोनच नावांच्या होत्या. त्यातल्या वरच्या रेघेवर त्यांनी पहिलं नाव काढायला घेतलं: विठाबाई.

मंजुनाथ पायरीवरून उठून आला. एक डोळा मिटून त्यानं पेटी नीट न्याहाळली. एवढ्या वर्षांनी त्याची पाळी आली होती.

"अण्णा," तो म्हणाला, "चार मिलिमीटर तरी वाकडी आहे."

"पाच," अण्णा ब्रश न उचलता म्हणाले. "मोजलीय मी. उजेड सोड."