मर्वची लढाई, मुक्काम डँडेनॉन्ग

डँडेनॉन्गच्या त्या इराणी न्हाव्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तासाभराने माझा इंटरव्ह्यू होता, म्हणून घाईघाईत त्याच्या खुर्चीत बसलो. जुन्या लढायांबद्दल बोलताना तो मशीनने हवेत नकाशे काढायचा. माझं अर्धं डोकं झालं आणि बाकावर चहा पीत बसलेले एक उझबेक आजोबा म्हणाले, "मर्वला आमचा खान हरला नाही. त्याला फसवलं."

न्हाव्याने मशीन बंद केलं. "फसवलं? आमच्या शाहने फक्त पळाल्याचं सोंग केलं. असं!" म्हणत तो एकेक पाऊल मागे सरकत दाराबाहेर गेला. आजोबा तावातावाने त्याच्या मागे धावले आणि पाचशे वर्षांपूर्वीची लढाई फुटपाथवर जुंपली. मी अंगावरच्या कापडासकट दारात येऊन ओरडलो, "मेट, माझं डोकं!"

न्हावी आजोबांकडे बोट दाखवून आनंदाने म्हणाला, "बघ, आले की नाही पाठलाग करत? खानही अस्साच किल्ल्यातून बाहेर आला होता!"

आजोबांनाच हसू फुटलं.

उरलेलं डोकं त्याने पाच मिनिटांत उरकलं. डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर वर गेला, तरी नोकरी मिळाली. पण मनात राहिलं ते निघतानाचं दृश्य. माझ्या जागी आजोबा बसले, त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकून आपला गळा त्या इराणी वस्तऱ्याखाली खुशाल देऊन टाकला.