पिवळ्या भाताचं टोक

आमच्या ह्यांचं नाव वागियो. सालातिगा शहरातल्या बिस्किट कारखान्यात हे भट्टी सांभाळतात. स्वभाव असा की नळावर भांडण जुंपलं, तर हे रिकामी बादली घेऊन परत येतील. पण थोरल्या मालकांशी मोकळेपणानं बोलायचे, कधी कधी त्यांना हसवायचेसुद्धा.

थोरले मालक अल्लाला प्यारे झाले आणि कारभार धाकट्याकडे आला. तो खोलीचं दार लावून बसतो. चुकलं तर कुणाला बोलावत नाही, रागवतही नाही. एक दिवस त्या माणसाचं कार्ड फाटकावर चालेनासं होतं, एवढंच. आता तिथे बिस्किटं जळताना दिसली, तरी कुणी तोंड उघडत नाही.

वर्धापनदिनाला पिवळ्या भाताचा उंच शंकू रचतात, तुम्पेंग. मालक त्याचं टोक कापून मानाच्या माणसाला देतो. धाकट्यानं गेल्या खेपेला ते पाइजान फोरमनला दिलं, त्याआधी पॅकिंगच्या तारमिनीला. दोघंही महिन्याभरात घरी बसली. तेव्हापासून लोक त्या टोकाला भुतासारखं भितात.

यंदा भात रांधायची पाळी माझी होती. नारळाचं दूध ओतताना मी पुन्हा पुन्हा बिस्मिल्ला म्हणत होते. निघताना ह्यांना म्हटलं, "अहो, तुमचं नाव घेतलंच, तर ते टोक वडीलधारे म्हणून झाडूवाल्या कार्तोआजोबांना द्या. रीतच आहे तशी."

"आणि त्यांनी मग कुठे जायचं?" हे म्हणाले.

काल दुआ झाली, मालकानं टोक कापलं. सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले.

"वागियो," मालक म्हणाला.

मागे कुणीतरी पुटपुटलं, "गेला दादा कामातून."

ह्यांनी ताट घेतलं. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. शेजारीच उभ्या असलेल्या कार्तोआजोबांनी डोळे गच्च मिटले. मी लांबून खुणावत होते, पण ह्यांनी ताट तिकडे वळवलं नाही. मालकाला हळूच विचारलं, "साहेब, मला काढणार आहात का? तेवढं सांगा, मग खातो."

मालकाचे कान लाल झाले. "आज शुभ दिवस आहे. उद्या बघू," म्हणाला आणि खोलीत निघून गेला.

ह्यांनी तो भात उभ्यानंच संपवला. एवढे मित्र म्हणवणारे, एकही जवळ आला नाही.

आज बोलावणं आलं नाही. दुपारी मालकाचा मेहुणाच भट्टीपाशी आला. भट्टीचं काम दादांकडून शिकून घ्या, असं त्याला सांगितलंय म्हणे. हे शिकवताहेत. घरी आल्यावर म्हणाले की माणूस सज्जन आहे, पण भट्टीची धग कळायला त्याला वेळ लागेल.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर मी हात पसरले आणि मागितलं, त्या मेहुण्याच्या डोक्यात काहीच शिरू नये. मग घाबरून तौबा केली. मग पुन्हा तेच मागितलं.