काढू नका हो त्याला

माझं तोंड फटकळ आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सासरी जरा आवरून असते, पण फुटबॉलचा विषय निघाला की तिथंही आवरत नाही. माहेरी आमच्या कॉलनीत विहाराच्या मागं एक मैदान आहे. धाकटा भाऊ आणि त्याचे मित्र तिथं खेळत मोठे झाले, आणि त्यांच्यासोबत टीव्हीसमोर बसून इंग्लंडातल्या मॅचेस बघत मी. आम्ही तिथल्या निळ्या क्लबचे. तांबड्या क्लबची पोरंही त्याच मैदानावर, त्याच चहाच्या टपरीवर असतात. सगळ्यांचा मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे आणि तिथं एकमेकांची सालटी काढणं हाच उद्योग. बायकांमधली त्यात मी एकटी. भाऊ म्हणतो, सगळ्यात विषारीही मीच.

गेल्या हिवाळ्यात तिकडं इंग्लंडात तांबड्यांची पार दैना चालली होती. त्यांचा मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, दर मॅचला भारीतलं जाकीट घालून, खिशात हात घालून मैदानाच्या कडेला उभा राहायचा, आणि समोर त्याची टीम गोल खात असायची. प्रचंड पैसा ओतून त्यानं दुसऱ्या क्लबांतून तीन खेळाडू आणले होते, ते तिघंही न खेळता बेंचवर. मी बँकेत आहे म्हणून ग्रुपवर त्यांच्या पगाराचं खातं माझ्याकडं असायचं. त्यांच्या बेंचवरच्या एका पोराच्या आठवड्याच्या पगारात आमची अख्खी ब्रँच वर्षभर चालेल, असं मी एकदा लिहिलं, तर तांबडी पोरं दिवसभर गप्प होती. मला त्याचा केवढा आनंद झाला होता.

ही ब्रँच सोयगावला. बँकेनं मला तिथं टाकलं होतं. आठवडाभर तिथं खोली करून राहायचं, शनिवारी संध्याकाळी शहरात घरी यायचं आणि सोमवारी पहाटे पुन्हा एसटी. तीन वर्षांची मुलगी सासूबाईंकडं. रविवारी ती माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपायची आणि निघताना ती मूठ सोडवावी लागायची. त्या वेळी मला रडू यायचं नाही, संताप यायचा. जूनमध्ये तिची शाळा सुरू होणार होती. त्याआधी शहरात बदली मिळावी म्हणून मी अर्ज केला होता, आणि तो ब्रँच मॅनेजरच्या शिफारशीशिवाय हेड ऑफिसला जाणार नव्हता. त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये तो मला रोज दिसायचा.

साहेब नांदेडकडचे, रिटायरमेंटला आलेले, बायकोला गावी ठेवून इथं एकटेच राहणारे. बोलणं मोजकं. थंडी सुरू झाल्यापासून अंगात रोज एक तपकिरी बिनबाह्यांचं जाकीट. ब्रँचच्या ठेवी घटत होत्या आणि हेड ऑफिसचा फोन आला की केबिनच्या दाराबाहेरही आम्हाला झाडाझडती ऐकू यायची. ब्रँच वर काढायची म्हणून त्यांनी वर्षभरात तिघांना बदलीवर मागून घेतलं होतं. त्या तिघांतली एक मी. ब्रँच होती तिथंच राहिली.

त्या सोमवारी मी एसटीत होते. आदल्या दिवशी तांबडे सपाटून हरले होते आणि त्यांचीच पोरं ग्रुपवर ओरडत होती, आता तरी या माणसाला काढा. मला चेव आला. मी लिहिलं: "असा मॅनेजर नशिबानंच मिळतो. काढू नका हो त्याला, उलट पगार वाढवा. कामाचं काही जमत नाही, पण जाकीट बघा काय रुबाबदार. तिघांना ट्रान्सफर करून आणलं, तिघंही बेंचवर बसून पगार खातात." आधी भावाला एकट्याला पाठवलं. तो हसला आणि म्हणाला, ग्रुपवर टाक. फॉरवर्डच्या यादीत आमच्या ग्रुपवर बोट खाली आणलं, तेवढ्यात साहेबांचा रोजचा सकाळचा सुविचार येऊन पडला, ब्रँचचा ग्रुप उडी मारून वर आला आणि बोट नेमकं त्याच्यावर पडलं. मला ते कळलंही नाही. मी मोबाईल पर्समध्ये टाकून डोळे मिटले.

अजिंठ्याच्या पुढं आल्यावर, भाऊ काय म्हणतोय ते बघावं म्हणून मोबाईल काढला. त्याचं एकच वाक्य होतं: "टाकला का? इथं तर आला नाही." ब्रँचचा ग्रुप उघडला. साहेबांचा सुविचार, त्याखाली माझा मेसेज. डिलीट करायला गेले तर घाट लागला आणि रेंज गेली. सगळा घाट उतरेपर्यंत मी ते चाक फिरताना बघत होते. फर्दापूरला रेंज आली तेव्हा सगळ्यांनी वाचलेलं होतं. साहेबांनीसुद्धा. कुणाचं एक अक्षर उत्तर नव्हतं. आता पुसण्यात काही अर्थ नव्हता, पुसला असता तर गुन्हा कबूल केल्यासारखंच झालं असतं.

मग मी तो मेसेज ब्रँचच्या नजरेनं पुन्हा वाचला. मॅनेजर. पगार. जाकीट. ट्रान्सफर करून आणलेले तिघं. आमच्या ब्रँचमध्ये भिंतीला लागून खरोखरच एक लाकडी बेंच होता, आणि कॉम्प्युटरची लिंक गेली की आम्ही तिघं त्यावर जाऊन बसायचो. एक शब्द इकडचा तिकडं करायची गरज नव्हती.

ब्रँचमध्ये पाय ठेवला तर सगळ्यांच्या माना कॉम्प्युटरमध्ये. कॅशियरकाका सोयगावचेच, जुने. ते माझ्या काउंटरपाशी आले आणि हळूच म्हणाले, "ताई, लई भारी लिहिलं. आमच्या मनात वर्षभर हेच व्हतं, पण बोलायची हिंमत कुणाची नाय झाली."

"काका, ते फुटबॉलचं होतं. चुकून इथं आलं."

काका बेरकी हसले. "व्हय, फुटबॉलचंच. मी बी सगळ्यांना तेच सांगतो."

जो माणूस माझ्या बाजूचा होता, त्याचाही विश्वास बसत नव्हता.

मी केबिनमध्ये गेले. साहेब फोनवर होते. त्यांनी माझ्याकडं न बघता तळहात दाखवला, थांबा म्हणून. मी बाहेर आले. नंतर ते वसुलीला खेड्यांवर निघून गेले. त्यांच्या मागं मी सही घ्यायच्या निमित्तानं केबिनमध्ये डोकावले, तर ट्रे रिकामा होता. माझा अर्ज तिथं नव्हता. कचऱ्याच्या डब्यात बघायची मला लाज वाटली, तरी मी बघितलं. तिथंही नव्हता.

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "सांग की मोबाईल भावाच्या हातात होता." मी त्याच्यावर उखडले. खरं असताना खोटं कशाला बोलू? पण फोन ठेवल्यावर मलाच वाटलं, इंग्लंडातल्या कुठल्या तरी क्लबचा मॅनेजर, त्याचंही जाकीट, त्याचेही तिघं, हे मी सोयगावात कुणाला खरं वाटेल असं कसं सांगणार?

मंगळवारी साहेब आले ते नुसत्या शर्टवर. सकाळचा गारठा होता, शिपाईमामा कानाला मफलर गुंडाळून झाडत होते, आणि साहेबांच्या अंगात जाकीट नव्हतं. काकांनी मला डोळ्यानं खूण केली. मी मान फिरवली. त्या दिवशी साहेबांनी मला दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा कामासाठी, आणि दोन्ही वेळा "मॅडम" म्हणताना आवाज नेहमीचाच होता. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारी दुपारी फुटबॉलच्या ग्रुपवर बातमी आली. तांबड्यांनी त्यांच्या मॅनेजरला काढलं. इतर वेळी मी आधी ग्रुपवर तुटून पडले असते. त्या दिवशी मोबाईल घेऊन तडक केबिनमध्ये शिरले आणि दार लोटून घेतलं. त्यांनी बसा म्हणायचीसुद्धा वाट बघितली नाही. मैदान, भाऊ, दोन क्लब, फॉरवर्ड, घाट, सगळं एका दमात सांगितलं आणि बातमी त्यांच्यासमोर धरली.

साहेबांनी चष्मा लावला. "म्हणजे ते माझ्याबद्दल नव्हतं?"

"नाही सर."

"आणि जाकीट?"

मी फोटो मोठा करून दाखवला. मॅनेजर मैदानाच्या कडेला उभा, खिशात हात. साहेबांनी मोबाईल हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"याला काढलं म्हणता. आधी बोलावून सांगितलं असेल का? का यालाही असंच मोबाईलवर कळलं?"

"माहीत नाही, सर."

त्या माणसाचा पगार मला तोंडपाठ होता. हे मात्र मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मग मी धीर करून म्हणाले, "सर, माझा अर्ज..."

"तो सोमवारीच पाठवला. शिफारस लिहून."

"सोमवारी? मेसेजच्या आधी?"

"मेसेज वाचल्यावर." त्यांनी मोबाईल माझ्याकडं सरकवला. "म्हटलं, बाई एवढी वैतागली आहे. लेकरू लहान आहे, तिला घरी जाऊ द्यावं. आणि खोटं तरी काय लिहिलं होतं तुम्ही?"

मी मोबाईल उचलला आणि म्हणाले, "सर, जाकीट घालत जा. थंडी आहे."

ते ओशाळं हसले. "बायकोनं कापड आणून शिवून घेतलं होतं. मलाही वाटायचंच, जरा जास्त होतंय म्हणून."

"जास्त नाही होत, सर. खरंच चांगलं दिसतं."

"बरं," ते म्हणाले आणि समोरची फाईल ओढली.

बाहेर आले तर भावाचा मेसेज होता, सगळे तुझी वाट बघतायत, आज तू गप्प कशी? मी उत्तर दिलं नाही. काकांना मात्र काउंटरवर जाऊन ठणकावून सांगितलं की मेसेज फुटबॉलचाच होता आणि पुन्हा खुणा केल्या तर माझ्यासारखी वाईट कुणी नाही. ते हसायचे थांबले.

उन्हाळ्याच्या तोंडावर माझी बदलीची ऑर्डर आली. आता मुलगी झोपते तेव्हा ओढणी धरत नाही, तिला गरज नाही. त्या बुधवारनंतर सोयगावात थंडी बरेच दिवस टिकली होती. मी रोज सकाळी दाराकडं बघायचे. साहेबांनी ते जाकीट पुन्हा घातलं नाही.