हुसेनचाचाच्या दाढेतला किडा

माझे दात एकेक करून गेले, पण दातांचे किस्से हिरडीत रुतून बसलेत. जीभ फिरवली की एखादा लागतोच! आन सगळे एकाच घोंगडीवरचे. निजामाच्या राज्यात मंठ्याच्या बाजारात हुसेनचाचा घोंगडी टाकून दाढा उपटायचा आन आमचं टोळकं तिथं तमाशा बघत बसायचं. अजून लवंगेच्या तेलाचा वास आला की तो बाजार माझ्या नाकात भरतो.

चाचाचं शास्त्र सोपं. "दाढेच्या मुळात किडा ऱ्हातो. तू गोड खातो, तो पोसतो. गोड बंद, किडा उपाशी!"

\*

कुंभार पिंपळगावचे एक पाटील ठणकती दाढ घेऊन आल्ते. चाचानं गूळ बंद केला. पुढच्या बाजारी पाटलांचा गाल पुरीसारखा टम्म!

"पाटील, गूळ खाल्ला?"

"खाल्ला. पण बिलकुल उजवीकडून. किडा डावीकडं हाय नं!"

\*

किडा बाहेर काढायला चाचा काटेरी रिंगणीच्या बिया जाळून नळीनं दाढेला धूर द्यायचा. एकदा मी भर गर्दीत गुळाचा खडा पुढं केला. "चाचा, धूर कशाला? हा दाखवा. वासानं किडा आपोआप बाहेर येईल!"

चाचानं खडा घेतला आन स्वतःच्याच तोंडात टाकला. "पहिले माल असली हाय का बघू दे!"

लोकांचं गोड तोडणारा हा माणूस घोंगडी मातर जिलबीवाल्याला खेटून टाकायचा!

\*

मंग एका बाजारी चाचाचाच गाल सुजलेला. "पान हाय गालात," म्हणाला. आम्ही कसले सोडतो! मी बोंब ठोकली, "या रे, चाचाची दाढ निघून राह्यली!" सगळा बाजार लोटला.

चाचाचं तोंड उतरलं. गिऱ्हाइकाला तो दरडावायचा, "मर्द हाय का न्हाई? ओरडू नको!" आता तोच ओरडला, तर त्याच्या घोंगडीवर पुन्हा कोण बसणार?

चिमटा उचलला शेजारी दातवण विकणाऱ्या चाचीनं. "जनमभर मला तोंड बंद कर म्हणलात. आता उघडा!"

चाचाच्या डोळ्यांतून धारा, पण तोंडातून आवाज न्हाई. दाढ निघाली. मूळ काळं, पोकळ, आन घाण अशी की पुढची गर्दी मागं सरली.

चाचानं चूळ भरली, दाढ उन्हात धरून नीट न्याहाळली आन जिलबीवाल्याला हाक मारली,

"जल्दी गरम काढ! आजवर अर्धी हा किडाच खात होता!"