साळ्याने पारखलेली साखळी

पुरुषाच्या गळ्यातली सोन्याची साखळी कशी निवडावी हे अकोल्यापासून अमरावतीपर्यंत एकाच माणसाला समजतं, असं माझ्या साळ्याचं ठाम मत आहे, आणि तो माणूस कोण असं विचारलं तर तो लाजत नाही, सरळ स्वतःच्या छातीवर हात मारतो. जन्मभर त्यानं अकोल्यात कापसाची दलाली केली. रुई चिमटीत धरून ओढायची, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि भाव बोलायचा, हा त्याचा धंदा. पण जीव अडकला सोन्यात. तेही बायकांच्या सोन्यात नाही. बांगड्या, पाटल्या, एकदाणी यांच्याकडं तो ढुंकून पाहत नाही. म्हणतो, "बायकाईचं बायकाईले समजते. मानसाले सांगनारं कोनी नाई. मानूस दुकानात जाते, चहा पेते, चहा संपाच्या आत साखळी घेते अन जन्मभर गधा दिसते." माझी बायको म्हणजे त्याची थोरली बहीण. ती म्हणायची, "माह्या भावाले मानसं दिसतच नाई. नुसते गळे दिसते." यात खोटं काही नव्हतं. माझ्या एका भाचीसाठी अंजनगाव सुर्जीला पोरगा पाहायला त्याला पाठवलं, तर आल्यावर म्हणाला, "बाप चांगला हाय. साखळी पातळ, पन भरीव." पोरगा कसा आहे विचारलं तर डोकं खाजवत म्हणाला, "त्याच्याकडं पाहाचं राहूनच गेलं."

कोणी विचारलं नाही तरी तो सांगणार. एकदा अकोल्याहून आम्ही दोघं एसटीनं अमरावतीला येत होतो. समोरच्या सीटवर नवं जोडपं बसलं होतं, हळद अजून उतरली नव्हती. यानं पोराच्या खांद्याला हात लावला. "साखळी कोनं देली?" पोरगा फुगून म्हणाला, "सासऱ्यानं." "पोकळ हाय," साळा म्हणाला आणि पाठ टेकून बसला, जसं काही पाण्याची बाटली मागितली. पोरगी मागं वळली. "माह्या बापानं पोकळ देली म्हन्ता काय?" पोरगा म्हणाला, "मले तवाच वाटलं होतं." "तवाच वाटलं त तवाच कावून नाई बोलले?" झालं. मूर्तिजापूर येईपर्यंत त्या दोघांचं अख्खं लग्न निघालं, कोणाच्या मामानं जेवताना काय म्हटलं इथपर्यंत. शेवटी कंडक्टरनं साळ्याला उचलून ड्रायव्हरच्या मागं नेऊन बसवलं. ड्रायव्हरच्या गळ्यात काळा धागा होता, म्हणून गाडी सुखरूप पोचली.

सराफ्यात तो शिरला की नोकर आधी पंखा लावतात आणि मग मालकाला हाक मारतात. त्याची पारखायची रीत अशी. भिंग मागून तो पहिल्यांदा हॉलमार्कचा शिक्का पाहतो, आणि पाहून झाला की त्याला विसरतो. "शिक्का सोन्याचं खरं सांगते. कारागिराचं खरं कोन सांगन?" मग साखळी मुठीत गोळा करून तळहातावर सोडतो. भरीव असली तर ती पाण्यासारखी पसरते, पोकळ असली तर वाळल्या शेंगेसारखी वाजते. मग डोळे मिटून ती गिऱ्हाइकाच्या मिशीवरून ओढतो. सांध्यात खरखर राहिली असेल तर केस अडकतो. या वेळी सराफ तोंड फिरवून घेतात, कारण तीच साखळी नंतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायची असते. आणि शेवटची परीक्षा उन्हाची. साखळी गळ्यात घालून गिऱ्हाइकानं भर दुपारी सराफा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, दुकानाचा माणूस मागं मागं. "एसीत समदेच गळे राजाचे. घाम आला म्हंजे समजते साखळी गळ्याची हाय का दुकानाची." अकोल्याच्या मे महिन्यात त्यानं एका नवरदेवाला असं चालवलं. नवरदेवाला सलाईन लावावी लागली. पण साखळी चांगली निघाली, हे तो आजही सांगतो.

माझ्या गळ्यावर तर त्याचा फार जुना डोळा. "भाऊजी, तुमची मान उभी हाय. वाया जाऊन राहिली." मी म्हणायचो, निंदायला-डवरायला सोनं लागत नाही, आणि गळ्यात काही बांधायचं तर ते बैलाच्या. दर लग्नात, दर बारशाला हेच भांडण. तो ओढायचा, मी हटायचो, आणि आमची दोघांची मजा पाहत बायको मधे बसून हसायची. मी हटलोच. कोणी ओढलं की उलट दिशेनं जायचं, ही माझी जात आहे, आणि तिला ती चांगली ठाऊक होती.

ती चैत्रात गेली. दुखण्याचं लिहीत नाही, ते माझ्यापाशीच राहू द्या. कौंडण्यपूरला वर्धेत राख सोडली, घरी येऊन भिंतीला टेकलो. पोरगा असूनही क्रियाकर्म मीच केलं, म्हणून डोकं भादरलं होतं, मिशीही गेली होती. लोक येत, बसत, जात. मला मात्र आत एकच भीती लागली होती. आमच्याकडं तेरवीला बाईच्या माहेरचे दुखवटा आणतात. रंडव्याच्या, म्हणजे बायको गेलेल्याच्या, खांद्यावर नवा दुपट्टा टाकतात, त्याला हाताला धरून उठवतात, बाजारापर्यंत फिरवून आणतात, म्हणजे सुतक सुटलं. मग जेवतात आणि जातात. पुढं राखी येते, भाऊबीज येते, पण बहीणच नाही तर भाऊ कोणाकडं येणार? असे साळे-मेहुणे मी पुष्कळ पाहिले. एका ताटात जेवलेली माणसं बाजारात भेटली की "बरं हाय नं?" म्हणतात आणि थैली या हातातून त्या हातात घेऊन पुढं निघतात. बायको गेली. आता हा येडाही जाणार.

तेरवीच्या दिवशी साळा आला तो हात हलवत. दुपट्टा नाही, टोपी नाही, काही नाही. बायकांत कुजबूज झाली. आमचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना गावातल्या सगळ्या रिती पाठ आहेत आणि एकही पाळावी लागत नाही, ते मोठ्यानं म्हणाले, "बहिनीच्या तेरवीले साळा रिकाम्या हातानं! असं आजलोक पाह्यलं नाई." साळ्यानं त्यांच्याकडं पाहिलं, म्हणजे त्यांच्या गळ्याकडं पाहिलं, आणि मला म्हणाला, "उठा भाऊजी. बजार दाखोतो."

"कोनता बजार?"

"सराफा. दुखवटा तिथी हाय. दुपट्टा नाई, साखळी."

मांडवातल्या माना वळल्या. मग चुलतभाऊ उसळले. "बायकोची राख निवाली नाई अन म्हातारा सोनं घालाले चालला! लोकं काय म्हनतीन?"

साळा शांतपणे चप्पल घालत होता. "दादा, बाई रांडावली की तिच्या गळ्यातलं तुमीच काढता नं? रीत म्हनून?"

"मंग? रीतच हाय."

"मंग मानूस रंडवा झाला त त्याचं काय काढाचं? याच्या गळ्यात त काहीच नव्हतं. काढाले नाई, म्हनून घालून राहिलो. हिशेब सारखा."

हे कोणत्या शास्त्रात बसतं मला माहीत नाही. पण 'लोकं काय म्हनतीन' हे ऐकलं आणि मी उठलो. तेरा दिवस जो कोणाच्यानं उठला नाही, तो मी उठलो. जन्मभर साळ्यानं ओढलं तरी हललो नाही, आणि आता लोक अडवतात म्हणून निघालो. ती असती तर पदर तोंडाला लावून हसली असती.

दुकानात माझं भादरलेलं डोकं पाहून सराफानं आवाज खाली घेतला आणि काटा पुढं ओढला. मेलेल्या माणसाचं सोनं मोडायला आलो, असं त्याला वाटलं. रोज येतच असतील तसे. "मोडाचं हाय का काका?"

"मोडाचं ते मोडलं," साळा म्हणाला. "आता घ्याचं हाय. भरीव काढा."

साखळ्या आल्या. यानं शिक्के पाहिले, तळहातावर सोडून पाहिल्या, आणि एक उचलून माझ्या ओठाकडं नेली. तिथं मिशी नव्हती. हात तसाच थांबला. इतका वेळ त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलंच नव्हतं, आता पाहिलं. मग त्यानं घाईघाईनं ती साखळी स्वतःच्या मिशीवरून ओढली, आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. सराफ म्हणाला, "केस अडकला काय?" साळा म्हणाला, "हाव. सांधा खराब हाय." दुसरी ओढली, तिसरी ओढली. सगळ्याच साखळ्यांचे सांधे त्या दिवशी खराब निघाले. सराफानं रुमाल दिला आणि उगाच तराजू पुसत बसला.

मग मला चालवलं. वैशाखाचं ऊन, बोडकं डोकं, गळ्यात अजून पैसे न दिलेली साखळी, मागं दुकानाचा माणूस. अर्धा सराफा ओळखीचा. पानठेल्यावरून एक ओरडला, "काय काका, दुसरं लगन काय?" मी म्हटलं, "हाव. आहेर आनजो." मान खाली घातली नाही. कोणासाठी घालायची? चाळीस-पंचेचाळीस वर्षं एका बाईबरोबर सचोटीनं राहिलो, तिला खांदा दिला, तिला पाणी सोडलं. आता गळ्यात सोनं घालावं की दोर, हे पानठेल्यानं सांगू नये. दोन्ही टोकं फिरून आलो. घाम पुसला. साखळी मानेला बसली होती, हे कबूल.

साळ्यानं तीच पक्की केली आणि पैसे दिले. बाहेर आल्यावर मी मागं हात नेऊन पाहिलं, तर कडी बोटाला हलत होती. इतकं तर मला अडाण्यालाही समजतं. "अरे, हिची कडी ढिली हाय."

"माहीत हाय."

"सराफाले सांगून बदलून घे नं मंग. इथीच तर हाय तो."

"काई गरज नाई. मी हाय नं. मयन्यातून येत जाईन अन दाबून देत जाईन."

"त्याच्यासाठी अकोल्याहून येशील?"

त्याला एकदम राग आला. "भाऊजी, तुमाले सोन्यातलं काय समजते? चला, लोकं जेवाचे थांबले."

ज्या माणसानं सांध्यात एक केस अडकला तर दुकान बदललं, त्यानं ढिल्या कडीची साखळी डोळ्यांदेखत घेतली. मी चौथी शिकलो, पण एवढं वाचता येतं. त्याच्या मागं चालू लागलो. घरी आलो तेव्हा चुलतभाऊ पहिल्या पंगतीला बसून जेवत होते. माझ्या गळ्याकडं पाहत त्यांनी बुंदी वाढून घेतली.

साखळी मी अंगावरून काढत नाही. काढणारही नाही. गावात अजून बोलतात, बोलू द्या. आणि साळा येतो. अकोल्याची गाडी दुपारची, तिनंच येतो, पाणी पितो, पाय वर घेऊन खाटेवर बसतो आणि मला पुढं खाली बसवतो. त्याला आता जवळचं दिसत नाही, म्हणून तो माझ्या मानेवर बोटांनीच चाचपत राहतो. रुई ओढून ओढून बोटं खरबरीत झालेली आहेत, माठाच्या पाण्यानं गार असतात. घरात पोरगा आहे, सून आहे. वेळेवर ताट येतं, वेळेवर गोळी येते, कोणाला नावं ठेवायला जागा नाही. पण म्हाताऱ्याच्या अंगाला हात लावायचं कोणाला सुचत नाही, आणि मागायचं तरी कसं? साळा मागं बसून चाचपतो, दाबतो, पुन्हा चाचपतो.

मग तो म्हणतो, "अजून ढिलीच हाय."

मी म्हणतो, "पाह्य बाबू नीट. घाई नाई."