फाट्यावरचा रांजण

रिठदच्या भागिरथाबाईला सवत आली ती वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तीही मिशीवाली.

झालं असं, की तिचा पोरगा प्रसेनजित वाशिमला शाळेत मास्तर. त्यानं बापाचा फौजेतला एक जुना फोटो मोबाइलवर टाकला. सदतीस वर्षांपूर्वी उकंडराव शांतीसेनेत लंकेला गेला होता, तेव्हाचा. तो फोटो फिरत फिरत तिकडं जाफन्याकडच्या एका शिवलिंगमपर्यंत पोचला. हा शिवलिंगम त्या काळी तमिळ वाघांच्या फौजेत, म्हणजे उकंडरावचा सरळसरळ दुश्मन. तरुणपणी बंदूक शिकायला हिंदुस्थानात राहिलेला, म्हणून तोडकंमोडकं हिंदी बोलायचा. त्यानं चेहरा ओळखला, नंबर मिळवला नि फोन लावला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊला फोन ठरलेला.

आता उकंडराव कसा, तर तोंडाला कायमचं कुलूप. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण लंकेत काय झालं हे त्यानं बायकोला एका अक्षरानं सांगितलं नव्हतं. सुरुवातीला तिनं विचारून पाहिलं. तो उठून गोठ्यात जायचा. नंतर तिनं विचारणं सोडलं. माणूसच असा आहे, कोणालाच सांगत नाही, अशी मनाची समजूत घातली. या समजुतीवर तिनं आख्खा संसार केला. आणि आता तोच माणूस बाजेवर मांडी घालून तासतासभर फोनवर बोलत होता, कधी हसत होता, कधी डोळे पुसत होता. भागिरथा चहा घेऊन आली की आवाज खाली यायचा.

"काहून हासून राह्यले एवढे?" ती विचारायची.

"काई नाई वं. जुनं हाये."

काई नाई! तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सून रूपा मिश्किलपणे म्हणायची, "आई, बाबाचं लफडं हाये बरं." भागिरथा हसायची, पण त्या रविवारी भाकरी हमखास करपायची.

तशात वाशिमहून लंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या दर्शनाला जाणारी सहल निघाली. उकंडरावनं दोघांची नावं दिली आणि वर पुस्ती जोडली की दोन दिवस वाढवून उत्तरेला शिवलिंगमकडं जायचं. म्हणाला, "त्याच्यासाठी घरची तुरीची डाळ घे, पाच किलो." भागिरथानं डाळ बांधली, पण चाळणीखालची चुरी बांधली. दुश्मनाला एवढी पुरे झाली. निघायच्या दिवशी उकंडरावनं पिशवीत हात घालून पाहिला, काही बोलला नाही, चुरी डब्यात ओतली आणि कोठीतली टपोरी डाळ भरून घेतली. त्या न बोलण्यानं ती आणखी पेटली.

निघताना तिनं फाट्यावरचा रांजण भरला. ते तिचं रोजचं काम. लंकेहून परतल्यावर पहिल्याच सुटीत उकंडरावनं रिसोडच्या बाजारातून रांजण आणून फाट्यावरच्या लिंबाखाली पुरला होता आणि पुन्हा नोकरीवर जाताना तिला बजावलं होतं, "काई झालं तरी हा रिकामा राहू देजो नोको." का, ते सांगितलं नव्हतं. लोकांची सोय होते, फौजी माणसाला शिस्तीची आवड, असं तिनंच ठरवून टाकलं. बाळंतपणं सोडली तर एक दिवस चुकला नव्हता. मानेचा मणका दुखायला लागला तरी घागर चुकली नाही. आता आठ दिवसांसाठी तिनं सुनेला बजावलं आणि निघाली.

अनुराधापूरला वंदना केली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उत्तरेला पोचले तो लाल माती, उभे ताड आणि शिवलिंगमचं कौलारू घर. एका पायानं लंगडणारा तो म्हातारा फाटकात उभा होता. दोघं गळ्यात पडले. उकंडराव हुंदके देऊन रडला. भागिरथा पिशवी धरून बाजूला उभी. स्वतःची माय गेली तेव्हा या माणसाच्या डोळ्यात टिपूस आलं नव्हतं, आणि इथं एका परक्या गड्याच्या खांद्यावर पाट वाहत होते! एवढं रडणं होतं तर घरी का नाही रडला? मी काय भिंत होते?

मग शिवलिंगम त्यांना घरामागं घेऊन गेला. लढाई तिथंच झाली होती. आता कांद्याचे वाफे होते, कडेला एक विहीर आणि एकटा ताड. शिवलिंगमची बायको पुष्पम पितळी तांब्यात पाणी घेऊन आली. उकंडरावनं तांब्या घेतला, पण प्याला नाही. ताडाजवळ बसला आणि सगळं पाणी बुडाशी हळूहळू ओतलं. शिवलिंगम मान खाली घालून उभा राहिला.

"काय करून राह्यले तुमी?" भागिरथानं विचारलं.

शिवलिंगम तिच्याकडं वळला. "भाभी को मालूम नहीं?"

तिला कोणी मुस्काटात मारली असती तरी बरं वाटलं असतं.

"नाई मालूम," ती मराठीतच कडाडली. "याहीच्या घरात अडतीस वर्सं झाले मले. दुश्मनाले मालूम हाये, मले नाई. सांगा आता. नाई तर मी इथूनच माघारी जातो."

उकंडराव बसल्या जागेवरून उठला नाही. मातीकडं बघत बोलला.

"हा अन् याचा लहाना भाऊ, दोघंबी जखमी सापडले. गाडी येईपर्यंत मले पहाऱ्यावर ठेवलं, या झाडाखाली. लहान्यानं पानी मांगतलं. माह्या बाटलीत अर्धं होतं. गाडी कवा येईन माहीत नाई, आपले पोरं तहानलेले, मी नाई म्हनलं. तो मांगत राह्यला. मी तोंड फिरवून बसलो. तो गेला. अन् घंटाभरानं गाडी आली, पान्याचे डबे घेऊन. बाटली तशीच अर्धी राह्यली. यानं पयल्या फोनवर येवढंच विचारलं, त्या दिवशी बाटलीत पानी होतं का. मी म्हनलं, होतं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुले?" त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "लग्न झालं तवा तूच सांगतलं होतं ना, तुही माय घागर घेऊन दुसऱ्याच्या विहिरीवर उभी राहे. कोनी वरून ओतीन तवा पानी. उन्हात चक्कर येऊन पडली, तरी कोनी ओतलं नाई. आयकून मी रडलो होतो भागू. अन् मंग मीच तसा झालो. पानी असून. तुले कोन्या तोंडानं सांगू?"

भागिरथा वाफ्याच्या बांधावर बसली. तिला राग आला, पण कुठला हे कळेना. तहानलेल्या पोरासाठी आला, मायसाठी आला आणि सगळ्यात जास्त त्या रांजणाचा आला. इतकी वर्षं तिच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं, मान तिची मोडली होती, आणि ते कोणासाठी हे तिलाच माहीत नव्हतं. तिचं काम तिच्यापासूनच लपवलेलं होतं.

मग तिनं शिवलिंगमला विचारलं, "नाम क्या था उसका?"

"कंदन," तो म्हणाला. "सत्रह साल."

पुष्पमनं रिकामा तांब्या उचलला, विहिरीवरून भरून आणला आणि भागिरथाच्या हातात दिला. भागिरथानं तोही ताडाला घातला.

गावी परतल्यावर पुढच्या रविवारी सकाळी ती फाट्यावर गेली. या वेळी दुसरी घागर उकंडरावच्या खांद्यावर होती. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. घरी आले तोच नऊ वाजले आणि फोन वाजला. उकंडराव बाजेकडं धावला, पण भागिरथानं आधी उचलला.

"भय्या," ती म्हणाली, "कंदन का रांजन भर दिया. भाभी बोल रही हूँ."

उकंडरावनं हात पुढं केला. ती पाठ फिरवून बसली आणि पुष्पम कशी आहे ते विचारू लागली. फोन त्या दिवशी त्याच्या हाताला लागलाच नाही.