चुन्याची डबी

आमच्या मालकांच्या तोंडात सकाळी उठल्यापासून तंबाखू असायची. पिंक टाकायला त्यांना अंगण लागत नसे, पाण्याच्या रांजणामागचा कोपरा पुरायचा. तो कोपरा मी रोज शेणानं सारवायचे आणि रोज मला मळमळायचं. नवरा जवळ आला की मी श्वास धरून बसायचे. लाज कसली त्यात, किळस ती किळसच.

चातुर्मास लागला की देवळात जो तो काहीतरी सोडायचा. यांनी एका वर्षी कारलं सोडलं, दुसऱ्या वर्षी दोडकं. दोन्ही यांनी जन्मात तोंडात घातलेली नव्हती. बरं, जमत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. हे गावचे पाटील. नागपूरहून साहेब आला की दिवसभर तोंड कोरडं ठेवून हात जोडून उभे. साहेबाची गाडी वळली रे वळली की पिच्च.

मग एकदा आमच्या रांगत्या पोरानं यांनी थुंकलेला चोथा भुईवरून उचलून तोंडात घातला. ओकून ओकून लेकरू निपचित पडलं. वाचलं, नशीब माझं. त्याला उठता येऊ लागलं तशी मी कडेवर घेतलं आणि धामणगाव बढ्याला माहेरी आले. निघताना यांना सांगितलं, "नुसती शपथ नोको. मनाची तयारी झाली असंन तवाच न्यायले या."

दिवाळीच्या तोंडावर छकडा घेऊन आले. दात घासलेले, धोतर धुतलेलं. ओसरीवर बसून माझ्या बाबांना म्हणाले, "सोडली मामाजी. देवाची आन." दाराआडून ऐकताना मलाही खरं वाटलं. मी बोचकं बांधलं, लेकराला काजळ घातलं.

आमचे बाबा तरी कुठले शहाणे. जावयापुढेच तळहातावर तंबाखू घेतली आणि सवयीनं म्हणाले, "चुना हाय काय, जावईबापू?"

यांचा हात तस्साच कमरेला गेला. पितळी डबी बाहेर आली.

"जुनी हाय," हे घाईनं म्हणाले, "राह्यली असंन कमरेले."

मी बाहेर आले, डबी घेतली, झाकण काढून बोट दाबलं. चुना लोण्यासारखा मऊ, ओला. रोजचा हात नसला तर चुना वाळून खडा होतो. बाबांनी मान खाली घातली.

"सोडीन ना, तू चाल तं खरी."

"डबी वाळली का मंग या," मी म्हटलं.

पोर छकड्याकडे हात करून रडत होतं. मी त्याला उचलून आत नेलं. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज निघाला, आणि गल्लीचं वळण यायच्या आधीच पिच्च.